सांडव्यावरची एक फूट

हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, हे पावसाळ्यात भुसावळपासून अमळनेरपर्यंत सगळ्यांना रोज कळतं. गिरणा किती टक्के भरलं तेही कळतं. गावाच्या डोक्यावर, नाल्याच्या तोंडाशी जे आठ-दहा मीटर उंचीचं मातीचं धरण बसलेलं असतं, त्याची बातमी मात्र ते फुटल्यावरच येते. कागदावर ते पाझर तलाव असतं, गाव तलाव असतं, नाहीतर लघु पाटबंधारे योजना. त्याला दरवाजे नसतात आणि बहुतेक ठिकाणी चौकीदारही नसतो. पावसाच्या रात्री त्याने आपलं आपण निभवायचं असतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे एकच अवयव आहे: सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी वाहून जायची वाट. गावात सगळ्यात कमी लक्ष असतं ते नेमकं सांडव्याकडे.

हिशेब समोर राहावा म्हणून एक नमुन्याचं धरण धरू. सातमाळा डोंगररांगेच्या उतारावरून आलेला नाला, पाणलोट ५ चौरस किलोमीटर. तलाव पूर्ण भरल्यावर भिंतीजवळ पाण्याची खोली ८ मीटर, पाण्याखालचं क्षेत्र १५ हेक्टर, साठा साधारण ४ लाख घनमीटर, म्हणजे ०.४ दलघमी (दशलक्ष घनमीटर). सांडवा ५० मीटर लांब. मोठ्या पुरात सांडव्यावरून दीड मीटर उंचीचं पाणी जाईल असं धरलेलं, आणि त्या पाण्याच्या वर भिंतीचा माथा आणखी एक मीटर. ही वरची एक मीटर म्हणजे मुक्त उंची. लाटा, भिंतीचं खचणं आणि हिशेबातली चूक या तिन्हींसाठी ती राखून ठेवलेली असते. सगळं मिळून भिंत साडेदहा मीटर. खान्देशात असं धरण शोधायला फार फिरावं लागत नाही.

आता हे धरण पूर अडवतं का? अडवतं, पण लोक समजतात तसं नाही. पाणलोटावर एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख घनमीटर पाणी पडतं. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं निम्मं वाहून येतं असं धरू, म्हणजे अडीच लाख घनमीटर. जूनमध्ये तलाव रिकामा असताना हे सगळं पाणी त्यात मावतं आणि खालच्या गावाला पूर आला होता हे कळतही नाही. हाच पाऊस तलाव काठोकाठ भरलेला असताना पडला, तर अडवायला जागा उरते ती फक्त सांडव्याच्या वरच्या दीड मीटरची. १५ हेक्टर गुणिले दीड मीटर, म्हणजे सव्वादोन लाख घनमीटर. हे पाणी तलावात थांबत नाही, थोडा वेळ चढतं आणि सांडव्यावरून हळूहळू उतरतं. त्यामुळे पुराचा शेंडा बुटका होतो आणि उशिरा येतो. गावात कमरेएवढं येणारं पाणी गुडघ्याएवढं आलं, तरी घरं आणि गुरं वाचवायला तेवढं पुरतं. छोट्या धरणाचं पूरनियंत्रण ते एवढंच, आणि ते कमी नाही.

अडचण आपल्याकडच्या पावसाच्या वेळापत्रकाची आहे. धुळे-शिंदखेड्याकडे वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, पण त्यातला मोठा वाटा चार-सहा दिवसांत कोसळतो, आणि वाईट पाऊस बऱ्याचदा हंगामाच्या शेवटाकडे येतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांनी चाळीसगावात आणि आसपासच्या गावांत हाहाकार केला. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पांझरेच्या ज्या पुराने धुळ्यातली शेकडो घरं नेली, तो १८७२ च्या सप्टेंबरातला. म्हणजे सगळ्यात मोठं पाणी येतं तेव्हा तलाव सगळ्यात जास्त भरलेला असतो.

खरं पूरनियंत्रणाचं धरण बांधायचं तर तळाशी कायम उघडं तोंड ठेवावं लागेल, म्हणजे प्रत्येक पुरानंतर तलाव दोन-चार दिवसांत आपोआप रिकामा होईल. कपाशीला शेवटचं पाणी आणि रब्बीचा हरभरा ज्या तलावावर अवलंबून आहे, तो ऑगस्टमध्ये रिकामा ठेवा असं सांगायला गेलेल्या माणसाला गाव चहासुद्धा विचारणार नाही. म्हणून व्यवहारात आपली छोटी धरणं पाणी साठवण्यासाठीच असतात आणि पुराचं काम जाता जाता करतात. मधला मार्ग एकच आहे: पाणी सोडायची झडप चालू स्थितीत ठेवायची आणि हवामान खात्याचा लाल इशारा आला की तलाव आधीच थोडा उतरवायचा. तोही किती उतरतो, ते पुढे येईल.

तर भरलेल्या तलावावर पाऊस आला की सगळी भिस्त सांडव्यावर. महाराष्ट्रात लहान पाणलोटाचा महत्तम पूर काढायला इंग्लिसचं सूत्र बरंच वापरतात: १२४ गुणिले पाणलोटाचं क्षेत्र, भागिले (क्षेत्र अधिक १०.४) याचं वर्गमूळ. आपल्या ५ चौरस किलोमीटरला उत्तर येतं सेकंदाला साधारण १५८ घनमीटर. सांडव्याची वहनक्षमता काढायची तर १.७ गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीडवा घात. लांबी ५० आणि उंची दीड मीटर घातली की १५६ घनमीटर. जुळलं. दीड मीटरमध्ये जी पाणी साठण्याची सवलत मिळते ती या हिशेबात धरलेली नाही, आणि छोट्या तलावात ती न धरणंच बरं.

आता गावात काय होतं ते पाहा. सप्टेंबरात सांडव्यावरून पाणी वाहताना दिसलं की जीव तुटतो. एवढं पाणी वाया चाललं! मग सांडव्याच्या माथ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून एक फूट थर लावला जातो. कुठे दगड-मातीचा बांध घालतात, आणि जिथे वर्गणी निघते तिथे पक्कं काँक्रीट. एक फुटात साठा वाढतो साधारण ४५ हजार घनमीटर, म्हणजे बऱ्यापैकी. पण सांडव्यावरची सुरक्षित उंची दीड मीटरवरून १.२ वर येते आणि वहनक्षमता १५६ वरून ११२ घनमीटरवर. दोन फूट चढवले तर ती ७३ उरते, निम्म्याहून कमी. एक फूट मातीने सांडव्याचा चौथा हिस्सा बंद होतो हे डोळ्यांना दिसत नाही, कारण दीड घाताचा हिशेब डोळ्यांना करता येत नाही. पूर तेवढाच येणार. तो जाण्यासाठी पाणी फूटभर जास्त चढणार, आणि ते फूट मुक्त उंचीतून वजा होणार.

आता म्हणाल, मुक्त उंची एक मीटर आहे, त्यातलं फूट गेलं तर काय बिघडलं? ती एक मीटर नकाशावर असते. मातीचा भराव पहिल्या काही वर्षांत उंचीच्या एक-दोन टक्के खचतो, म्हणजे आपल्या भिंतीचे दहा ते वीस सेंटिमीटर गेले. तेही सगळीकडे सारखे नाही. नाल्याच्या मूळ पात्रावर भिंत सगळ्यात उंच, म्हणून खचणंही तिथेच जास्त. त्यावरून ट्रॅक्टर आणि ऊस-केळीच्या गाड्या जात असतील तर चाकोऱ्या पडून आणखी सहा-आठ इंच गेले. गुरांनी उतरायला वाट पाडली असेल तर तिथे खाच. पाणी भिंतीची सरासरी उंची बघत नाही, ते सगळ्यात खालची जागा शोधतं. म्हणून धरणाची खरी उंची म्हणजे माथ्यावरच्या सगळ्यात खोल चाकोरीची उंची.

हे मोजायला डंपी लेव्हल, म्हणजे सर्वेक्षणाची दुर्बीणच पाहिजे असं नाही. गवंड्याची पारदर्शक नळी, तीस मीटरची, पाण्याने भरून हवेचे बुडबुडे काढलेली, आणि दोन सरळ काठ्या एवढ्यावर काम होतं. सांडव्याच्या माथ्यापासून सुरू करायचं, भिंतीवर दर दहा मीटरला एक खूण करायची आणि सांडव्याच्या माथ्यापेक्षा ती जागा किती उंच आहे ते वहीत लिहायचं. आपल्या धरणात प्रत्येक ठिकाणी अडीच मीटर यायला हवं. कुठे दोन मीटर पाच सेंटिमीटर आलं तर भिंतीचं दुबळं ठिकाण तेच. मे महिन्यात तिथे भर घालायची. नुसता मुरूम लोटून द्यायचा नाही. वरचं गवत आणि सैल माती खरवडून, पाणी मारून, पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी धुमसून भर घालायची. माथ्याला तलावाच्या बाजूला थोडा उतार द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी चाकोरीत साचणार नाही.

सांडवा अडवणारी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: मासे. तलावाचा मासेमारीचा ठेका दिलेला असतो, बीज सोडलेलं असतं, आणि सांडव्यावरून मासा वाहून जाऊ नये म्हणून ठेकेदार बांबूच्या तट्ट्या नाहीतर नायलॉनची जाळी आडवी लावतो. साध्या पाण्यात ती निरुपद्रवी दिसते. पुरात तिच्यावर पऱ्हाटी, मक्याची धाटं, केळीचे खांब, जलपर्णी येऊन बसतं आणि तासाभरात जाळीची भिंत होते. रावेर-यावलकडे केळीचा कचराच इतका असतो की जाळी तुंबायला घडीभर पुरते. जाळी लावायचीच असेल तर ती सांडव्याच्या मागे, तलावात, पाण्याबरोबर आडवी पडेल अशा सैल दोरावर लावावी, आणि ठेक्याच्या करारात 'इशारा आल्यावर जाळी काढणं ठेकेदाराची जबाबदारी' हे वाक्य ग्रामपंचायतीने घालून घ्यावं. खरं तर मुळीच न लावलेली बरी.

सांडव्याच्या अलीकडची आणि पलीकडची जमीनही सांडव्याचाच भाग असते. अलीकडे वेडी बाभूळ माजली किंवा कोणी पेरणी करून बांध घातला तर पाणी सांडव्यापर्यंत पोहोचतच नाही. पलीकडचा पुच्छ कालवा, म्हणजे सांडव्यातून पडलेलं पाणी नाल्याला नेऊन सोडणारा चर, बुजला की पाणी वळून भिंतीच्या पायथ्याला लागतं आणि बाहेरून भिंत कुरतडतं. दुसरा धोका उलट दिशेचा. मुरमाच्या जमिनीत सांडव्याचं पाणी जिथे पडतं तिथे खड्डा पडतो, तो खड्डा दर पुराला मागे सरकतो आणि दहा-बारा वर्षांत सांडव्याच्या पायाखाली येतो. मग सांडवाच उलटतो आणि तलाव तिथून रिकामा होतो. दर पावसाळ्यानंतर खड्ड्याच्या कडेपासून सांडव्यापर्यंतचं अंतर फीत लावून मोजलं की हे वेळेत कळतं. अंतर घटत असेल तर मोठे दगड जाळीत बांधून, म्हणजे गॅबियन करून, कडेला बसवावेत. सुटे दगड टाकणं म्हणजे पुढच्या पुराला खाऊ देणं.

दगडी बंधारा आणि मातीचं धरण यांतला फरक इथेच आहे. पांझरेवरचे फडाचे, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या सिंचनाचे, जुने बंधारे दर पावसाळ्यात पूर अंगावरून जाऊ देतात आणि तसेच उभे राहतात, कारण ते त्यासाठीच बांधले. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की बाहेरच्या उतारावर धार लागते, धारेची घळ होते, घळ माथ्यापर्यंत चढते आणि माथा तुटला की पुढचं काम तलावातलं पाणीच करतं. कधी अर्ध्या तासात, कधी दोन तासांत.

पाणी आतून जातं तेव्हा

मातीची धरणं बहुतेक दोनच तऱ्हांनी जातात: पाणी वरून गेलं म्हणून किंवा आतून गेलं म्हणून. वरून जाणारं दिसतं. आतून जाणारं वर्षानुवर्षं चाललेलं असतं.

चांगल्या भिंतीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना मुरूम, आणि गाभ्याखाली कठीण थरापर्यंत खणून काळ्या मातीनेच भरलेला चर. बाहेरच्या पायथ्याला वाळू, खडी आणि दगडांची गाळणी. भिंतीतून थोडं पाणी झिरपतंच. गाळणीचं काम ते पाणी जाऊ देणं आणि मातीचे कण थोपवणं. म्हणून बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसली की घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. पाणी काचेच्या ग्लासात धरायचं. स्वच्छ असेल तर मोजायचं, गढूळ असेल तर फोन करायचा.

मोजणं अगदी सोपं आहे. झिरप एका चरातून एकत्र आणायची, चराच्या तोंडाशी पाइपचा तुकडा बसवायचा आणि पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर बघायचं. त्याच वेळी तलावातल्या पट्टीवरची पाण्याची पातळी लिहायची. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असले तरच त्यांना अर्थ आहे. तलाव चढला आणि झिरप वाढली तर ते सरळ आहे. पातळी गेल्या वर्षीएवढीच असताना बादली चाळीस सेकंदांऐवजी वीस सेकंदांत भरू लागली तर आत वाट मोठी होते आहे. झिरप अचानक थांबली तरी आनंद मानू नये. गाळणी तुंबली असेल तर पाणी भिंतीतच वर चढतं आणि उतारावर भलत्या उंचीला ओल दिसू लागते.

आतून पाणी जाण्याची सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे पाणी सोडायचा नळ. गेटच्या विहिरीपासून भिंतीखालून जो नळ जातो, त्याच्या कडेला माती नीट धुमसता येत नाही. गोल नळाच्या पोटाखाली तर मुळीच नाही. तिथे फट राहते आणि पाणी नळाच्या बाहेरून, नळाला धरून चालतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं, त्याची सुरुवातही भिंतीखालच्या विमोचक नळापाशीच झाली होती. नळाच्या बाहेरच्या तोंडाशी उभं राहून दोन गोष्टी बघाव्यात: झडप बंद असताना नळातून पाणी येतं का, आणि नळाच्या भोवतीच्या मातीतून येतं का. पहिलं झडपेचं दुखणं, दुसरं धरणाचं. सांडव्याची दगडी भिंत जिथे मातीला मिळते तो सांधाही असाच दुबळा, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसून दगडापासून सुटते.

बिळांबद्दल बोलायचं तर तिवऱ्याचं नाव निघणारच. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं ते धरण फुटलं आणि तेव्हाच्या मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला, त्यावर महाराष्ट्र महिनाभर हसला. हसण्यासारखंच होतं. बिळं बुजवणं हे देखभालीचं काम आणि ती कोणाची जबाबदारी हे खेकड्याला विचारून चालत नाही. पण बिळं खरोखर घातक असतात. आपल्याकडे घूस, उंदीर आणि डोंगराच्या कडेला साळिंदर. बाहेरच्या उतारावरून आत गेलेलं बीळ पाण्याची वाट आखूड करतं. दहा मीटर माती पार करायची ती पाचच राहिली. बीळ दिसलं की तोंडाशी दगड ठोकून निघून जाऊ नये, आत पोकळी तशीच राहते. नऊ भाग माती आणि एक भाग सिमेंट, पाण्यात कालवून पातळ राबडी करायची आणि नळकांडं लावून आत भरेल तेवढी ओतायची. वरचा फूटभर भाग खणून कोरड्या थरांनी धुमसायचा.

झाडांचं दुखणं याहून मोठं आहे, कारण झाड लावणं पुण्याचं काम समजतात आणि कुणी ना कुणी भिंतीवर निंब लावून जातो. झाड उभं असताना वादळात उन्मळलं तर भिंतीचा घास घेऊन पडतं. तोडलं तर मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या राहतात. मनगटापेक्षा बारीक असलेली बाभूळ मुळासकट उपटावी. त्यापेक्षा मोठी असेल तर तलाव उतरलेला असताना, अभियंत्याला दाखवून, बुंधा खणून काढावा आणि खड्डा थराथराने भरावा. भिंतीवर शोभतं ते गवतच: हरळी, मारवेल, पवन्या. मुळं जाळीदार, उंची बेताची, आणि उतारावरची माती धरून ठेवतात.

उन्हाळ्यातल्या भेगांत दोन जाती ओळखाव्यात. भिंतीच्या लांबीच्या दिशेने गेलेली भेग खचण्याची किंवा उतार घसरण्याची खूण असते. भिंतीला आडवी, तलावाकडून बाहेरच्या बाजूला जाणारी भेग म्हणजे पाण्यासाठी खणून ठेवलेली पायवाट. आडव्या भेगेत वरून सिमेंटचं पाणी ओतून भागत नाही. अर्धा मीटर रुंदीचा चर भेग संपेपर्यंत आणि त्याच्याखाली आणखी एक फूट खणायचा. मग ओलसर काळी माती पंधरा-पंधरा सेंटिमीटरने भरायची. माती किती ओलसर हवी? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे व्हावेत.

तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत आणखी एक खोट असते. तिथली काही माती पाण्यात नुसती भिजत नाही, विरघळल्यासारखी पसरते. नदीकाठच्या घळी त्यातूनच पडल्या. अशी माती भिंतीला वापरली तर बारीकशी झिरपही पोकळी करते. तपासायला शेंगदाण्याएवढा ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ, शक्यतो बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात हलकेच सोडावा. ढेकूळ फुटून खाली बसला आणि पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. पाच-दहा मिनिटांत ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर ती माती धरणाला चालणार नाही.

आणि गाळ. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ शेतात गेला, ते चांगलंच झालं. पण पोकलेन एकदा तलावात उतरला की गाळ आणि मुरूम यांतली रेघ पुसट होते, कारण रस्त्याच्या कामाला मुरूम पैसे देऊन जातो. गाळाखालचा थर फोडला तर पाणी भिंतीच्या पायाखालून जायला मोकळं. सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावल-चोपड्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात, तर जमीन मुळातच पाणी गिळते. पुनर्भरणासाठी ते वरदान आहे, धरणाच्या पायासाठी नाही. भिंतीच्या आतल्या पायथ्यापासून उंचीच्या निदान पाचपट अंतर सोडावं, म्हणजे आपल्या धरणात पन्नासेक मीटर. तेवढ्यावर चुन्याची रेघ मारून मगच यंत्र उतरवावं.

रात्री काय करायचं

बाहेरच्या पायथ्याशी गढूळ पाण्याचा उमाळा फुटला तर पहिली ऊर्मी त्यावर माती टाकून तो दाबायची होते. तसं केलं तर पाणी दुसरीकडून, जास्त जोराने फुटतं. उमाळ्याभोवती गोण्यांचं गोल कडं रचायचं आणि आत पाणी चढू द्यायचं. आतल्या पाण्याचा दाब वाढला की उमाळ्याचा जोर कमी होतो. पाणी स्वच्छ येऊ लागलं की तिथेच थांबायचं आणि जादा पाणी बाजूने काढून द्यायचं. जागा पसरट असेल तर आधी जाड वाळूचा अर्ध्या फुटाचा थर, त्यावर खडी अर्धा फूट, त्यावर दगड. क्रम चुकला, दगड आधी पडले, तर माती त्यांच्या फटींतून निघून जाते. यासाठी धरणाजवळ जूनमध्येच एक ब्रास वाळू, एक ब्रास खडी आणि दोन-तीनशे रिकाम्या गोण्या ठेवलेल्या असाव्यात. पुराच्या रात्री वाळूची गाडी येत नाही.

तलावात पाण्यावर भोवरा दिसला तर भिंतीत आरपार वाट झाली आहे. आतल्या बाजूने ताडपत्री, कडब्याच्या पेंढ्या, मातीच्या गोण्या, जे हाताशी असेल ते भोवऱ्याच्या तोंडात सोडायचं. माणूस मात्र पाण्यात उतरवायचा नाही.

त्याच वेळी झडप पूर्ण उघडायची. ती गंजून बसलेली असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये एकदा पूर्ण उघडून-मिटून, ग्रीस लावून ठेवायची आणि चावी कोणाकडे आहे हे तिघांना तरी ठाऊक हवं. नळावर भर म्हणून केळीवाल्यांकडचे सहा इंची पाइप सायफनला लावता येतात. तीन मीटरच्या उतारावर असा एक पाइप सेकंदाला पन्नासेक लिटर काढतो, दिवसाला साधारण चार हजार तीनशे घनमीटर. ऐकायला खूप वाटतं, पण १५ हेक्टरच्या तलावात ते जेमतेम तीन सेंटिमीटर. दहा पाइप लावले तर दिवसाला एक फूट. म्हणजे सायफन हा लाल इशाऱ्याच्या दोन-तीन दिवस आधीचा उपाय आहे, फुटायला आलेल्या धरणाचा नाही. धोका अंगावर आलेला नसेल तर दिवसाला एक फुटाहून वेगाने उतरवूही नये, नाहीतर आतला ओला उतार पाण्याचा आधार सुटल्याने घसरतो. गढूळ झिरप वाढत असेल तेव्हा मात्र हा नियम बाजूला. भिंत फोडून पाणी काढायचा सल्ला देणारा कोणीतरी प्रत्येक गावात भेटतो, त्याला जेसीबीपासून लांब ठेवावं. फोडायचंच झालं तर सांडव्याच्या बाजूची मूळ जमीन, आणि तेही अभियंता समोर असताना.

असं धरण फुटलं तर पाण्याचा लोट सेकंदाला साधारण पाचशे घनमीटरचा, म्हणजे सांडव्याच्या मोठ्यात मोठ्या पुराच्या तिपटीहून जास्त. दोन किलोमीटरवरच्या गावाला त्याला पाव तास पुरतो. म्हणून गढूळ पाणी दिसल्यावर 'थोडं थांबून बघू' हे चालत नाही. पोलीस पाटील, सरपंच, तलाठी आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, हे फोन भिंतीवर उभं राहूनच करायचे. सातपुड्यात रेंज नसते, तिथे मंदिर-मशिदीचे भोंगे आणि दवंडी. नाल्याकाठची वस्ती, वीटभट्टीवरचे मजूर आणि मेंढपाळांचे वाडे यांच्यापर्यंत निरोप न्यायला माणूस आधी नेमलेला हवा, कारण ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप गटात ते नसतात.

राहिला प्रश्न धरण कोणाचं याचा. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरमधल्यांना लागू होण्यासाठी भिंत निदान ५०० मीटर लांब, साठा निदान दहा लाख घनमीटर, अशांपैकी एखादी अट पुरी व्हावी लागते. आपलं नमुन्याचं धरण, भिंत पाचशे मीटरच्या आत असेल तर, यात बसत नाही. सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषदेचा लघु पाटबंधारे विभाग, पुढे ६०० हेक्टरपर्यंत राज्याचा मृद व जलसंधारण विभाग. दोघांकडे धरणं भरपूर आणि माणसं थोडी. ग्रामसभेचा ठराव, त्याला माथ्याच्या उंचीची वही, बादलीचे सेकंद आणि सांडव्याचे फोटो जोडून, मार्चमध्ये कार्यकारी अभियंत्याकडे पोच घेऊन दिला, तर निदान पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत तुमचं धरण वरच्या यादीत येतं. अर्जात पहिली मागणी दुरुस्तीच्या निधीची नको. सांडव्यावरचं अतिक्रमण आणि चढवलेला थर काढण्याची मागणी आधी घालावी, कारण त्याला निधी लागत नाही, एक जेसीबी आणि अर्धा दिवस लागतो. थर गावानेच चढवलेला असेल तर अर्जाचीही गरज नाही.